उपवासातली कॅप्सूल

नोवी साद, १२ मार्च

ती. झोर्काताईस,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. राडोये भावोजी गेल्यापासून तू बोलतेस तेही हवामान सांगितल्यासारखं. संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच, मंगळवारी घेतेस ना? दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिडची कॅप्सूल. गोळीचा जाच तीच कमी करते. केस गळतात म्हणालीस. गळू देत, तुझ्या डोक्यावरचा रुमाल कधी उतरलाय! राकिया दारूची बाटली मात्र ओतून टाक, यकृताला झेपणार नाही. बोटं मिटतात का?

लोभ आहेच, तो वाढव आणि फोन उचल.
तुझी मिलुंका

ग्राबोवाक, २१ मार्च

चि. मिलुंकास अनेक आशीर्वाद.

बोटं मिटतात. बरण्यांची झाकणं उघडते. राकिया यांच्या थडग्यावर ओतली, त्यांचं यकृत आता कोण तपासणार! कॅप्सूल मात्र इस्टरपर्यंत बंद. तिचं कवच जनावराच्या हाडाकातड्याचं असतं म्हणे, आणि इस्टरआधीच्या उपवासात तर दूधसुद्धा चालत नाही. तोंड आलंय, पाव गिळवत नाही. उपवासच आहे, बिघडलं कुठे?

माया असू दे.
झोर्का

नोवी साद, २५ मार्च

ती. ताईस, सा. न.

अगं, कमाल आहे तुझी! तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, कॅप्सूल सोडली म्हणूनच तोंड आलंय, आजच रक्त तपासा. मी पाद्रीबाबांनाही फोन केला. आजाऱ्याला उपवास माफ आहे म्हणाले.

रागावले आहे, तरी तुझीच,
मिलुंका

ग्राबोवाक, ६ एप्रिल

चि. मिलुंकास आशीर्वाद.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्यात. त्या वर येईपर्यंत गोळी बंद, त्यामुळे बोटं पुन्हा सुजलीत. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

पाद्रीबाबांनी मला आधीच उपवास माफ केला होता. कबूल करते. पण हे गेले तेव्हा रडू आलं नाही, अजूनही येत नाही. आत सगळं बधिर आहे. तोंड आलं तेव्हा वाटलं, चला, काहीतरी दुखतंय तरी. म्हणून कॅप्सूल बंदच ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी आता फॉलिक अ‍ॅसिडची कवच नसलेली साधी गोळी लिहून दिलीय. ती घेईन. इस्टरला ये. अंडी मी कशीबशी रंगवीन, पण कुणाचं आधी फुटतं ते बघायला दरवर्षी माझ्या अंड्यावर अंडं आपटणारा समोर यांचा हात असायचा.

वाट पाहते.
झोर्का