मी खोडलेल्या कलमाबद्दल, आणि बाकी मालमत्तेबद्दल

मी, देवराव संभाजी हनवते, वय सहासष्ट, निवृत्त सरकारी नोकर, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. माझी मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, डोके शाबूत आहे, तसा डॉ. योगिनी महाजन यांचा दाखला सोबत जोडला आहे. लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. २०२२ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो.

माझा मुलगा आदर्श मराठी बोलतो, पण त्याला ती वाचता येत नाही. त्याला इंग्रजी शाळेत घालण्याचा निर्णय माझा होता. म्हणून माधवी शिवराज पवार यांनी हे त्याला एकही ओळ न गाळता वाचून दाखवावे. माधवीताई माझ्या पत्नीबरोबर बारा वर्षे एका शाळेत शिकवत होत्या. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी त्यांच्याकडे सोपवतो.

१. घर. नल्लकुंट्यातील दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या स्वकमाईचा आहे. तो आदर्शला मिळावा. मार्चपासून त्याने या घरात पाऊल ठेवलेले नाही, तरीही त्यालाच मिळावा. त्याला तो विकायचा असेल तर विकावा.

२. माझी पत्नी रेणुका २०२१ साली वारली. तिची पुस्तके, शिलाई मशीन आणि मुलांच्या निबंधांवर तिने शेरे लिहिलेल्या वह्या नात मानसीला द्याव्यात. मराठी वाचायला शिकली तरच वह्या द्याव्यात, असे आधी लिहिले होते. ती अट मी काढली आहे. मुलांना काही देताना अटी घालणारा माणूस मी आयुष्यभर होतो, आता पुरे.

३. कागद. याबद्दल सविस्तर लिहावे लागेल.

मी सरकारी शाळांच्या अनुदानाचे काम पाहणाऱ्या कचेरीत एकतीस वर्षे होतो. कचेरीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आदर्श आज तिथेच नोकरीला आहे. पूर्वी प्रत्येक शाळेला ठरलेली सारखी रक्कम जायची. दिलसुखनगरकडे एका वर्गात नव्वद मुले दाटीवाटीने बसत, आणि दुसरीकडे बारा मुलांच्या शाळेलाही तितकेच पैसे. हे चुकीचे होते. २०१३ साली मी नवी पद्धत लिहिली: जितकी मुले, तितके अनुदान. ती पद्धत आजही मला निम्मी बरोबर वाटते.

उरलेली निम्मी बरोबर व्हावी म्हणून मसुद्यात चौथे कलम होते. पट कितीही कमी असो, पाणी, संडास आणि दुरुस्तीपुरती रक्कम प्रत्येक शाळेला मिळावी. आणि मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर शाळा दुसरीत विलीन करू नये. हे कलम मला रेणुकाने सुचवले होते. ती घराजवळच्या दोन खोल्यांच्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका होती. पट एकतीस. बहुतेक मुले मराठवाड्यातून कामाला आलेल्यांची.

आमचे संचालक मसुदा वाचून म्हणाले, "हनवते साब, ये चौथा कलम नक्को. ऊपरवाले एकीच सफा पढते, एक पन्ना."

मी म्हणालो, "सर, याच्याशिवाय लहान शाळा टिकणार नाहीत."

"तो नै टिकते. तुमारा प्रमोशन टिकना की नै?"

त्यांच्या टेबलावरचे पेन घेऊन मी ते कलम खोडले आणि बाजूला सही केली.

पहिल्याच वर्षी रेणुकाच्या शाळेला संडास दुरुस्त करण्याइतके पैसे मिळाले नाहीत. मोठ्या मुली यायच्या बंद झाल्या. पट घटला म्हणून अनुदान घटले, अनुदान घटले म्हणून पट. सतरा मुले उरली तेव्हा शाळा हमरस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन झाली. रेणुका रोज सकाळी सतराही मुलांना हाताला धरून रस्ता ओलांडून नेत असे.

२०१६ च्या जुलैत एके दिवशी ती तिथे नव्हती. नामपल्लीला मुख्याध्यापकांसाठी नव्या पद्धतीचे प्रशिक्षण होते, विलीन झालेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांनाही हजेरी सक्तीची होती, आणि फळ्यापुढे बोलणारा मी होतो. रेणुका तिसऱ्या रांगेत बसली होती. तिचा फोन वाजला. तो माधवीताईंचा होता. ती उठून बाहेर गेली. मी बोलत राहिलो, वीसएक मिनिटे. तिसरीतल्या सायलीला पाण्याच्या टँकरने चिरडले होते.

चौकशी झाली. मला लेखी विचारले गेले, धोक्याची कल्पना आधी होती काय, तो टाळणारे कलम मसुद्यात होते काय? मी लिहिले: 'असे कोणतेही कलम विचाराधीन नव्हते.' दोष टँकरच्या ड्रायव्हरवर गेला.

हा जबाब दिला त्या संध्याकाळी रेणुका म्हणाली, "मी हे कुणाला सांगणार नाही. तुम्ही सांगायचंय."

पुढची पाच वर्षे ती माझ्याशी भाजी, औषधे, लाइटबिल यांबद्दल बोलली. दवाखान्यात नेताना स्ट्रेचरवरून तिने माझ्याकडे पाहिले, तेव्हाही मी तिला म्हणालो, "तू बरी हो, मग बघू."

२०२२ च्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की मी घरी आणून ठेवलेला, खोडलेल्या कलमाचा मूळ मसुदा माझ्या मृत्यूनंतर उघड करावा. माधवीताईंनी ते वाचले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "देवरावभाऊ, मेल्यावर तुम्हाला कोण काय विचारणार आहे?" एवढेच म्हणाल्या. तरीही तीन वर्षे मी मसुदा कपाटातच ठेवला.

यंदा अनुदानाची पद्धत तपासायला समिती नेमली गेली. मी आदर्शला बोलावून सगळे सांगितले. तो म्हणाला, "बाबा, मैं उधरीच बैठता ना. माझी प्रमोशनची फाइल वर गेलीय. आता कशाला?"

"मीही हाच विचार केला होता, बारा वर्षांपूर्वी."

"म्हणून तर घर झालं, माझं शिक्षण झालं. ते सगळं परत करणार का?"

११ मार्चला मी मूळ मसुदा आणि माझ्या खोट्या जबाबाची कबुली समितीला स्वतः नेऊन दिली. त्यामुळे या कलमाखाली वारसांना देण्यासारखे काही उरलेले नाही. जूनमध्ये उत्तर आले: 'आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे.' पुढे काही झाले नाही. आदर्शची फाइल मात्र परत आली. बाळा, तुझे नुकसान माझ्यामुळे झाले. त्याबद्दल मी तुझी माफी मागतो. कागद दिल्याबद्दल मागत नाही.

४. बचत. बँकेतील ठेवीच्या व्याजातून त्या हमरस्त्यावर सकाळ-संध्याकाळ मुलांना ओलांडून देणारी एक बाई पगारावर नेमावी. याला दान म्हणू नये आणि माझ्या नावाची पाटी लावू नये. हे सरकारचे काम आहे. ज्या वर्षी सरकार हा खर्च स्वतः उचलेल त्या वर्षी ठेव मोडून मानसीला द्यावी. असे वर्ष येईल असे मला वाटत नाही.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, त्रिशरण-पंचशील म्हणून साधेपणाने करावा. नंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आमचे जुने संचालक येतील. त्यांना चहा द्यावा, बोलू देऊ नये.

६. पार्वतीबाई बालाजी सोनटक्के, सायलीची आई, बरकतपुऱ्यात चार घरी स्वयंपाक करतात. एप्रिलमध्ये मी माधवीताईंना घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि घडले ते सांगितले. त्या कणिक मळत होत्या. हात थांबले, पण त्या रडल्या नाहीत. "नऊ वर्षं मी तिलाच बोल लावला," त्या म्हणाल्या. "धावत गेली असंल म्हनून. माझी पोरगी लई धावायची."

ठेवीतील निम्मी रक्कम त्यांच्या नावे लिहायची माझी इच्छा होती. त्यांनी माधवीताईंना विचारले, "कागदावर साक्षीदार म्हनून सही करनाऱ्याला त्या कागदातून काही मिळतं का?"

"नाही मिळत. ज्याला मिळायचं असतं त्याला साक्षीदार करत नाहीत."

"मग मी साक्षीदार होते."

म्हणून त्यांच्या नावे काहीही लिहिलेले नाही.

हे मृत्युपत्र आज माझ्या राहत्या घरी दोन्ही साक्षीदारांसमोर पूर्ण वाचले गेले. कलम तीन पार्वतीबाईंनी दोनदा वाचायला लावले. त्यानंतर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केल्या.

लिहून ठेवणार: देवराव संभाजी हनवते (सही)

साक्षीदार:
१) डॉ. योगिनी महाजन (सही)
२) पार्वतीबाई बालाजी सोनटक्के, सायलीची आई (सही)

स्थळ: नल्लकुंटा, हैदराबाद
दिनांक: २३ ऑगस्ट २०२५