अख्तरीचं शिफारसपत्र

८ जानेवारी १९७३

कॉलेजच्या टाईपरायटरचा 'आर' निखळला! जगाच्या इतिहासात याची नोंद कुणी करणार नाही, म्हणून मीच करून ठेवतो. सकाळपासून मी 'पोफेसो' आहे. हेडक्लार्क सहादेव म्हणतो, "सर, तेवढं घेतात लोक समजून." गेली वीस वर्षं श्रीरामपूर मला समजूनच घेतंय.

आणि नेमकं आजच अख्तरीचं शिफारसपत्र टाईप करायचं होतं. अख्तरी म्हणजे अजीज घड्याळजीची, माझ्या वर्गमित्राची मुलगी. बी.एस्सी.ला माझ्या हाताखाली होती, मग पुण्याला एम.एस्सी. आता नॉर्वेत, ओस्लोच्या विद्यापीठात डॉक्टरेटची जागा निघालीय — इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं स्फटिकांची छायाचित्रं घ्यायची. तीन वर्षं, विद्यावेतनासकट. माझं पत्र महिनाअखेर तिथं पोचलं नाही तर अर्ज बाद!

१० जानेवारी

अजीजच्या दुकानात. शेजारची भाजीवाली कडूबाई विचारत होती, "पोरगी नेवाशाला चाललीय म्हनं शिकाया?"

"नेवासा नाही, मावशी. नॉर्वे."

"त्येच की! मग इमान कशापायी? यष्टी हाय की!"

अजीज डोळ्याचं भिंग न काढताच हसला. मला म्हणाला, "रंगा, पेपरात एवढं लिहितोस, आजवर कुणाला बरं म्हटलं नाहीस. माझ्या पोरीला तरी म्हणशील ना?"

१३ जानेवारी

तीन खर्डे फाडले. 'कष्टाळू, नम्र, होतकरू' — निवडणुकीच्या उमेदवाराबद्दल मी असंच लिहितो, आणि लोक बरोबर हसतात.

ओस्लोवाल्यांचा प्रश्न साधा आहे: बारीक पाहण्याची सवय हिला कधी लागली? मला दिवससुद्धा आठवतो. दहा वर्षांची असेल. बापाचं भिंग डोळ्याला लावून ओरडली, "काका, मिठाला कोपरे आहेत!"

अगदी हेच अजीज ओरडला होता, त्रेचाळीस साली. शाळेतला एकुलता एक सूक्ष्मदर्शक — पितळी, तेलाच्या वासाचा. कांद्याचा पापुद्रा, डासाचा पंख, मीठ. मी नुसता बघायचो. तो दातांत जीभ धरून चित्र काढायचा, आणि ते हुबेहूब उतरायचं! मास्तर म्हणायचे, "हा विलायतेला जाणार." मग एके दिवशी सूक्ष्मदर्शक पडला. भिंग फुटलं. अजीजचं नाव शाळेतून काढलं. दुसऱ्या दिवशी तो वडिलांच्या दुकानात बसला. मी मॅट्रिक झालो.

पडला. झालं.

१४ जानेवारी

संक्रांत. अजीजकडे तिळगूळ घेऊन गेलो. म्हणाला, "गोड बोल. निदान पत्रात."

१६ जानेवारी

'आर' अजून यायचाय. पत्र हातानंच लिहिलं. शेवटी लिहिलं — हिचा पहिला शिक्षक मी नव्हे, हिचे वडील. शाळेचा सूक्ष्मदर्शक माझ्या हातून पडला. मला घरी मार बसेल म्हणून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. तीस वर्षं मी गप्प राहिलो.

अजीजला मराठीत वाचून दाखवलं. त्यानं भिंग डोळ्याला लावून एक बंद घड्याळ उघडलं. मग म्हणाला, "अर्ज तिचा आहे, रंगा. तू कशाला मधे?"

"असू दे."

पाकिटाला डिंक त्यानंच लावला. मी रजिस्टर करून आलो.