सुमनच्या नाटकावर घातलेलं गाऱ्हाणं

शनिवार, संध्याकाळ

उद्या सुमन रत्नागिरीत आपले विनोदी लेख वाचणार. माझी धाकटी बहीण. आनंद व्हायला हवा, तरी सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

ती मुंबईला नाटकात होती, तेव्हा मी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं होतं. नाटक बंद पडू दे, पोर घरी येऊ दे. नाटक बंद पडलं. पोर काही आली नाही. तिथेच बसून लिहायला लागली, नाव झालं. पण पुन्हा रंगमंचावर उभी राहिली नाही. माझ्यामुळेच का? नारळ मीच ठेवला ना.

आज फोनवर सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "दादा, गुरवाने मला तेव्हाच सांगितलंन."

"मग भांडली का नाहीस?"

"पाच वर्षं तुझ्याशी बोलत नव्हते मी. कळलं नाही तुला?"

"मला वाटलं, कामात असशील."

ती हसायलाच लागली. हसता हसता रडली की काय, फोनवर कळेना. मग म्हणाली, "हे लिहू का रे?"

लिही म्हटलं. विचार करून सांगायला हवं होतं.