पिन खिळ्याला टांगायची

बाबा, काल मी नातीच्या हातावर फाडकन चापट मारली आणि तेव्हापासून तुम्हीच डोळ्यांसमोर आहात. पोरगी चार वर्षांची, सुट्टीत नालवाडीला माझ्याकडे आलेली. अंघोळ करून ओल्या हातांनी थेट कूलरकडे निघाली. जावई पाइपने त्यात पाणी भरत होते, पंखा चालूच. मी म्हटलं, "पहिले पिन काढा." तर म्हणतात, "आई, प्लास्टिकचा कूलर हाय, याच्यात करंट येत नाई." अरे वा! आत मोटर, आत वायर, आत पाणी, आणि करंट काय बोलावल्याशिवाय येत नाही? मी बोर्डातली पिन उपटली. तेवढ्यात पोरीने जाळी धरली आणि माझा हात चालला. ती रडली, लेक चिडली, "आई, काऊन मारलं तिले? पिन तर काढली होती ना!" उत्तर होतं माझ्याकडे. पण मी पोळ्या लाटायला निघून गेले.

तुम्ही वर्ध्यात लोखंडी कूलर बनवायचात. मार्च लागला की पत्रा कापण्याच्या आवाजाने आमची झोप मोडायची आणि कूलरच्या गवताचा वास तुमच्या शर्टाला जूनपर्यंत यायचा. गिऱ्हाइकाला कूलर देताना एकच गोष्ट तीनदा सांगायचात, "पानी टाकाच्या आंधी पिन काढाची. बटन बंद करून भागत नाई, पिनच काढाची. अन् वरच्या खिळ्याले टांगाची, लेकराच्या हाती लागन अशी नाई." लोक हसायचे. तुम्ही तो खिळासुद्धा स्वतःच ठोकून यायचात.

आपल्या घरचा कूलर मात्र सगळ्यांत शेवटी दुरुस्त व्हायचा. त्या मे महिन्यात एका दुपारी तुम्ही तो उघडला, पंपाची वायर सोलून ठेवली, पिन खिळ्याला टांगली आणि टेप आणायला चौकात गेलात. आई मागे धुणं धूत होती. मी अकरा वर्षांची, उन्हातून खेळून लालबुंद होऊन घरात येते. स्टूल ओढते, चढते, पिन बोर्डात लावते, बटन दाबते. पंखा फिरतो आणि मी फरशीवर आडवी होते. धाकटी बहीण, जेमतेम तीन वर्षांची, कूलरच्या टपातल्या पाण्यात खेळायला जाते, कूलरची कड धरते. ओरडत नाही हो बाबा. तोंड उघडं, हात पत्र्याला चिकटलेला आणि आवाजच नाही. मी नुसती पाहत राहिले. तुम्ही दारातून आलात ते धावतच, पिन उपटली आणि तिला खांद्यावर टाकलं.

ती वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आखडली ती आखडलीच. शेजारी जमले तेव्हा आईने विचारलं, "पिन कोनं लावली?" तुम्ही म्हणालात, "माह्याच हातून काढाची राह्यली." मग काय, दुनियेला शिकवणारा माणूस घरात विसरला, अशी सगळीकडे चर्चा. आई महिनाभर तुमच्याशी धड बोलली नाही. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मी सुटले म्हणून मनातून खूश होते, इतकी निर्लज्ज! पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही खिशातला टेस्टर माझ्या हातात दिला. "ठेव तुह्यापाशी. तू आता कधी इसरनार नाई," म्हणालात. मला ती शाबासकी वाटली.

काल पोळ्या लाटताना ते स्टूल आठवलं. धाकटी खांद्यावर असताना, आई मागच्या दारातून यायच्या आत, तुम्ही पायाने ते खाटेखाली सरकवलं होतं. मी पाहिलं होतं. वाटेतली अडगळ घाईत बाजूला केली, असंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तुमचा हात खिळ्यापर्यंत सहज पोचायचा, तुम्हाला कशाला लागतं स्टूल? तेव्हा घरात स्टूलवर चढून खिळ्यापर्यंत पोचणारी मी एकटी. तुम्हाला कळलं होतं बाबा, त्याच क्षणी कळलं होतं. आणि खरं सांगू, मला तुमचा रागही येतो. एक चापट मारली असती तर मी रडून सगळं सांगून मोकळी झाले असते.

पिन मी लावली होती. तुम्ही आता नाही, तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, कागद घडी करून तुमचा टेस्टर ठेवलेल्या डबीत टाकला की झालं. धाकटी देवळीला असते, एसटीने अर्ध्या तासावर. त्याच बोटांनी कणीक मळते. ऊन तापलं की फोनवर तिचं एकदा तरी निघतंच, "ताई, बाबा इतके ध्यानाचे, मंग कसे इसरले असतीन वं?" मी म्हणते, "होते मानसाच्या हातून." आज सकाळी तिचा फोन आला होता. मी तेच म्हणाले.