खांबाची मालमत्ता

लिहून ठेवणार मी, वय सत्तावीस, धंदा उद्यापासून जहाजावर खलाशी, असं लिहितो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि समोरचा चहाही मी स्वतःच्या पैशांचा पितो आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण माझ्याकडे ठेवून जाण्यासारखं काही आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ताईच्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरवर बसून लिहितोय. खाडाखोड दिसली तर ती माझीच समजावी.

१. घर. आईने जाण्याआधी ते माझ्या नावावर केलं, लायक म्हणून नव्हे, नावावर घर असलं की पोरगा टिकेल म्हणून. टिकलो नाही. छापखाना, फेरीबोट, फर्निचरचा टेम्पो, कुठेच नाही. ताईने मात्र खालच्या खोलीत दुकान थाटलं आणि भिंगं घासून घासून नाव कमावलं. आमचे मामा फरशांचे व्यापारी, त्यांना तिथे गोदाम हवंय. माझं काही बरंवाईट झालं तर घर वडीलधारा म्हणून आपल्याकडेच येणार, असं ते सांगत फिरतात. "जो कुठे उभा राहत नाही त्याचं कसलं घर?" हेही त्यांचंच वाक्य. तर वरच्या दोन खोल्या, खालचं दुकान, जिना आणि जिन्याखालची अडगळ, सगळं पूर्ण मालकीने माझ्या ताईचं. जिवंतपणीच द्यायचं होतं, पण वकीलबाई म्हणाल्या त्या कागदांना वेळ लागतो, आणि जहाज उद्या सुटतंय.

२. आठ नंबरची जर्सी, तीही ताईला. हिचं जरा सांगायला हवं, नाहीतर कोणी फरशी पुसायला घेईल.

मी एक सीझन व्यावसायिक बास्केटबॉल लीग खेळलो आहे. टेम्पोतून त्यांच्या हॉलमध्ये खुर्च्या उतरवत होतो, तेवढ्यात सराव करणारा एक खेळाडू पळत येऊन मला धडकला आणि तोच आडवा झाला. मी खुर्च्या धरून तसाच. त्यांच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे पुढे आमच्या सरांनी, एवढंच विचारलं, शाळेत खेळला आहेस का. खेळलो होतो. दुसऱ्या आठवड्यात करार झाला. टेम्पोवाला अजून माझ्याशी बोलत नाही, ते असो.

आमच्या खेळात स्क्रीन लावणं म्हणून एक काम असतं. आपल्या नेमबाजामागे जो धावतोय त्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं. तो आदळला तर आदळू दे, आपण हलायचं नाही. जरा पाय सरकला की फाऊल, चेंडू गेला. जन्मभर पायाला भिंगरी लावून फिरलेल्या माणसाला हे काम मिळालं, आणि देवाशपथ, मला ते जमलं. संघाने नाव ठेवलं खांब. गुणतक्त्यात माझ्यापुढे सीझनभर जवळजवळ शून्यच आहेत, कारण खांबाचे गुण कोणी लिहीत नाही.

संघ तळाला होता. शेवटचा सामना हरलो असतो तर लीगमधून बाहेर. एका गुणाने मागे, घड्याळ संपत आलेलं. सरांनी सांगितलं, शॉट कप्तान घेईल, खांब स्क्रीन लावेल. कप्तानाच्या मागावर त्यांचा रणगाडा होता, ज्याने तो माणूस पाहिलाय त्याला हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. ताई आमच्या बाकामागेच बसली होती. लहानपणापासून "एका जागी बस जरा" म्हणून थकलेली बाई. मी आत जाताना ती इतकंच म्हणाली, "आता हललास तर बघ."

रणगाडा आला. बरगडी मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, जाळीचा नंतर. आम्ही लीगमध्ये राहिलो.

मामांनी तो सामना टीव्हीवर पाहिला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात त्यांचं एकच, पोरगा सरकला होता, पंचाने सोडलं, तो कुठे एका जागी राहायला.

३. मोडक्या बरगडीचा एक्स-रे मामांना. सध्या तो दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावलेला आहे. ताईने काढून द्यावा, फ्रेम मामांनी करून घ्यावी.

४. पान्यांचा संच संघाच्या बसच्या ड्रायव्हरकाकांना. अर्धे पाने त्यांचेच आहेत, त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

५. चौदा नंबरचे बूट ज्याला होतील त्याला. माझे गुडघ्याचे पट्टे नेणाऱ्या खोलीतल्या जोडीदाराला होत असले तरी त्याला नाहीत.

६. बँकेत उरेल त्यातून दुकानाला नवी पाटी. ताईचं नाव मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

७. कप्तानाला काही नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. तो इथेच बसलाय, म्हणतोय की असं असेल तर दुसरा साक्षीदार शोध. दुसराही शोधलाच आहे. रणगाडा. सामन्यानंतर ताईने त्याला सुनावलं होतं, एवढा मोठा माणूस दिसला नाही तर डोळे तपासून घे. तपासले, नंबर निघाला. तेव्हापासून तो या दुकानाचं गिऱ्हाईक.

८. माझं जे काही परत येईल ते ताई ठेवेल तिथे ठेवावं. आता मला राहता येतं.

सही: खांब (खाली पूर्ण सही वेगळी केली आहे)
ठिकाण: ताईचं दुकान
तारीख: जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी, गुरुवार

साक्षीदार पहिला, कप्तान: माझ्यासमोर सही केली. मला काही मिळालं नाही, याचाही मी साक्षीदार.

साक्षीदार दुसरा, रणगाडा: माझ्यासमोर सही केली. मामांसाठी आणखी लिहितो. त्या दिवशी मला चष्मा नव्हता, पण आदळून खाली पडलो तेव्हा माझ्या नाकासमोर फक्त याचे दोन पाय होते. ते हलले नव्हते.