एक तृतीयांश गैरहजर

३ नोव्हेंबर
आजपासून नियमित लिहायचं. फ्लूची मोठी साथ आली तर शहराच्या आरोग्य विभागाने काय करायचं, तो आराखडा माझ्याकडे आलाय. महिनाअखेर पूर्ण करणार. बायको गेल्या हिवाळ्यात तापानेच गेली, म्हणून मी हे काम मागून घेतलं, असं ऑफिसात बोलतात. काही संबंध नाही. मी सावरलोय.
लेकीचा फोन. "बाबा, एकटे राहू नका, कायमचेच या आमच्याकडे." आराखडा झाला की बघू, म्हटलं.

७ नोव्हेंबर
समितीची बैठक. मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, थोडक्यात सांगा. मी सगळ्या स्लाइड दाखवल्या. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, म्हटलं. स्टोअरकीपरने विचारलं, चहा येणार की नाही?
एकट्या राहणाऱ्या आजाऱ्यांना रोज फोन करायचा, ही माझी कल्पना मंजूर. काम शिपायाला दिलं. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. म्हणाला, साहेब, तुमचंही नाव यादीत घालतो. मी आजारी पडत नसतो, असं सांगितलं.

१२ नोव्हेंबर
कर्मचाऱ्यांसाठी लस आली. बाई म्हणाल्या, आधी तुम्ही टोचून घ्या. अधिकाऱ्याने शेवटी घ्यावी, हे माझं तत्त्व. शिवाय उद्या आराखड्याची रंगीत तालीम. ती झाली की सगळ्यांनाच देऊ.

१३ नोव्हेंबर
तालीम. साथीत एक तृतीयांश माणसं गैरहजर धरायची असतात. आजारी कोण पडणार, विचारलं. सगळ्यांचे हात वर. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. स्टोअरकीपरचाही नंबर लागला. लगेच खोकत घरी गेला. लसीच्या फ्रिजची किल्ली त्याच्या खिशात.
इकडे लसीसाठी रांग. फोन केला. म्हणाला, "आजाऱ्याने घराबाहेर पडायचं नाही, साहेब. तुम्हीच लिहिलंय." मागे टीव्हीवर मॅचचा आरडाओरडा. दुसरी किल्ली? तीही त्याच जुडग्यात. रेडिओला त्याच्या घरी पाठवलं. आजाऱ्याला भेटायचं नाही हे कलम ऐकवून स्टोअरकीपरने त्याला दारातूनच परत पाठवलं.
नर्स म्हणाली, याला म्हणतात नियोजन. कौतुकच असावं.
त्रुटी कळाव्यात म्हणूनच तालीम असते. त्या अर्थी यशस्वी.

१४ नोव्हेंबर
स्टोअरकीपर आजही आला नाही. आजाऱ्याने पाच दिवस घरी राहावं, हेही मीच लिहिलंय म्हणे.

१७ नोव्हेंबर
सकाळपासून घसा खवखवतोय. फायलींची धूळ असणार. "आजारी असाल तर कामावर येऊ नका" हा भाग आज बैठकीत मीच वाचून दाखवला. खोकल्यामुळे मधे थांबावं लागलं. बाईंनी खुर्ची मागे सरकवली. म्हणाल्या, अहो, घरी जा. एवढं संपवतो आणि निघतो, म्हटलं. थंडी वाजत होती, म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

१९ नोव्हेंबर
ताप. किरकोळ. आराखडा अंथरुणातच तपासतोय. पाणी आणायला स्वयंपाकघरापर्यंत जायचंय. जाईन थोड्या वेळाने.
लेकीने फोनवर विचारलं, आवाज का बसलाय? बैठका फार झाल्या, म्हटलं.

२१ नोव्हेंबर
रेडिओचा फोन. माझं नाव परस्पर घातलेलं दिसतंय. प्रश्न मात्र ठरवून दिल्याप्रमाणे विचारले. ताप किती? काही खाल्लं का? घरात दुसरं कोण आहे?
म्हटलं, अरे, तुला माहीत नाही का?
"माहीत आहे, साहेब. पण उत्तर तुमच्या तोंडून पाहिजे, असा नियम आहे."
कोणी नाही, म्हणालो.
त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, समितीची उद्याची बैठक रद्द. बाई, नर्स, सगळी तापाने आडवी. स्टोअरकीपर तेवढा ठणठणीत. तो घरी होता ना.

२२ नोव्हेंबर
लेक आली. रेडिओने कळवलं म्हणे. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. आधी पाणी दिलं, मग चादर बदलली. मी म्हटलं, चार दिवस तुझ्याकडे येतो, बरं वाटेपर्यंत. आराखडा अर्धवट आहे. ती हो म्हणाली आणि माझी बॅग भरायला बसली. स्वेटर भरले. मग उन्हाळ्यातले पातळ शर्टही एकेक घडी घालून ठेवायला लागली.
मी बघत होतो. शेवटचा शर्ट मीच तिच्या हातात दिला.