फळी कुजलेली होती

बेलापूर, नवी मुंबई
१४ फेब्रुवारी १९८३

ती. नंदकुमारदादास,
सुनीतीचा सा. न. वि. वि.

शुक्रवारी संध्याकाळी उलव्याहून हळदीची मंडळी खाडीपलीकडे दिवाळे गावाला परतत होती. खाडीच्या मध्यावर होडी उलटली. नऊ जण गेले. दवाखान्यात नर्स मी एकटीच होते, अजून हातांना तो चिखलाचा वास येतोय.

गेलेल्यांत जयदेव आहे. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी गाव एकत्र करणारा, येत्या शनिवारी मोर्चा नेणार होता तोच. होडी चालवणाऱ्या गोटीरामची सख्खी बहीण पुतळाबाईही गेली. त्याने तिघांना ओढून काढलं, बहीण मात्र हाताला लागली नाही. त्याची बायको चंद्राबाई तुला आठवत असेल, दिवाळीत तिच्याच पापलेटांवर तू ताव मारला होतास. ती दवाखान्याच्या दारात येऊन नुसती बसून राहते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, पत्रातूनही तो येत राहू दे.

तुझी,
सुनीती


सांगली
२० फेब्रुवारी १९८३

चि. सौ. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

वाचून वाईट वाटलं. पण बाई, तू लहानपणापासून भोळी ती भोळीच. मोर्चाच्या आठ दिवस आधी मोर्चाचा पुढारी बुडतो आणि होडी चालवणारा जिवंत काठाला लागतो, याला अपघात म्हणायचं? पंचवीस वर्षं इतिहास शिकवतोय मी. होडीला भोक पाडलं गेलं आणि गोटीरामचे हात ओले झाले, एवढं मला इथे बसून दिसतं.

इथल्या साप्ताहिकात तसा लेख दिला आहे. ‘बेलापूरच्या आमच्या भगिनीने कळवल्यानुसार’ असं लिहिलंय, तेव्हा तुझंही नाव झालं म्हण! आमच्या मेहुण्यांना, जयप्रकाशरावांना, नमस्कार सांग. प्रकृतीला जप.

तुझा दादा


बेलापूर
५ मार्च १९८३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी काय कळवलं होतं, दादा? माझं पत्र काढून पुन्हा वाच. भोक कुठे आहे त्यात?

तुझा लेख मुंबईच्या एका सांजदैनिकाने उचलला आणि तो दिवाळ्याच्या नाक्यावर मोठ्याने वाचला गेला. वाचणारा कोण, तर होडीच्या ठेकेदाराचा मुकादम. आता बाजारात चंद्राबाईच्या मासळीच्या पाटीला कोणी हात लावत नाही. गोटीरामच्या दारावर शेण फेकलं. ती मला म्हणाली, बाय, सख्ख्या बहिनीला कोन बुडवतो का गो? आणि आरोपाला साक्ष माझ्या नावाची होती.

आता खरं ऐक. पंचवीस माणसांच्या होडीत त्या दिवशी एकेचाळीस होती. तळाची फळी कुजली होती. गोटीरामने ठेकेदाराला दोनदा अर्ज दिले. चंद्राबाईच्या सांगण्यावरून दुसरा अर्ज मीच लिहिला, नक्कल माझ्या कपाटात आहे. होळीनंतर बघू, असं उत्तर मिळालं. आज तोच ठेकेदार घरोघर जाऊन घातपात झाला म्हणून डोळे पुसतोय. का नाही पुसणार? घातपात म्हटलं की फळीचं कोणी विचारत नाही!

सरकार खोटं बोलतच नाही, असं मी म्हणत नाही. जयदेवच्या जिवावर कोणी उठलं असेल, हा संशय पहिल्या दिवशी माझ्याही मनात आला होता. म्हणून तर मी काठावर ओढलेली होडी बघून आले. फळी बोटाने दाबली तर भुसा पडला. तू सांगलीत बसून काय दाबून बघितलंस?

एका माणसाची बहीण गेली आणि तू त्याला खुनी ठरवून मोकळा झालास. लेख मागे घे. माझ्या मनात लोभ आहे, पण हे होईपर्यंत त्याची खात्री धरू नकोस.

सुनीती


सांगली
१२ मार्च १९८३

चि. सौ. सुनीतीस आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं, मला उठून जाता आलं नाही.

संपादक म्हणतात, खुलाशाला वाचक नसतो. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा पायरीवर बसून राहिलो. शेवटच्या पानावर चार ओळी आल्या आहेत, सोबत कात्रण. सांजदैनिकालाही लिहिलं, त्यांचं उत्तर नाही. गोटीरामला वेगळं पत्र लिहिलंय. ते तू वाचून दाखव. मला शाई पुरली, शब्द पुरले नाहीत.

तुझा दादा


बेलापूर
९ एप्रिल १९८३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल चौकशी झाली. मी अर्जाची नक्कल दिली. ठेकेदाराचा वकील हसून म्हणाला, नर्सबाईंचे भाऊच घातपात म्हणतात. तुझं कात्रण पुढे केलं तेव्हा तो बसला.

मग जयदेवची बायको मीना उठली. तीही त्या होडीत होती. ती म्हणाली, जागा नाही असं गोटीरामदादा ओरडून सांगत होता. माझाच नवरा म्हणाला, घे रे, एवढ्याने काय होतंय, आणि मागून आणखी दहा जणांना हात देऊन वर घेतलं. आपला माणूस शहीद नाही ठरला तरी चालेल, पण दुसऱ्याचा खुनी ठरू नये. 

ठेकेदारावर खटला भरणार आहेत. पण संध्याकाळपर्यंत गावात नवीन कुजबुज सुरू झाली, मीनालाही विकत घेतलं म्हणून. मला इतका संताप आला की रात्री जेवले नाही.

आज सकाळी बाजारात गेले. चंद्राबाई नेहमीसारखी एका टोकाला, भरली पाटी घेऊन बसलेली. मीना आली, मासळी विकायची आपली जागा सोडून तिच्या शेजारी टेकली आणि दोघींचे बोंबील एकाच पाटीत ओतले. ज्याला मीनाकडून घ्यायचं त्याला आता चंद्राबाईकडूनही घ्यावं लागणार होतं. अकराच्या आत पाटी रिकामी झाली.

गोटीरामला तुझं पत्र वाचून दाखवलं.  त्याने ते घडी करून खिशात ठेवलं.

लोभ आहे रे, दादा. तो शाबूत राहील असंच लिहीत जा.

तुझी,
सुनीती